काठावरचा रेडिओ

मार्गशीर्षातला दुसरा रविवार. सकाळचे पावणेसात. पाण्यावर हजर: आतोबा आणि मी. काठावर हजर: आत्याबाई, तीन दगडांच्या चुलीवरचं चहाचं आधण, उंबराच्या फांदीला टांगलेला रेडिओ. गैरहजर: आमचे आतेदीर, मुक्काम सांगली. हवा थंड, वारा नाही, पाण्यावर धुकं. कामं चार.

त्या दिवशीची माझ्या वहीतली नोंद एवढीच आहे. शाळेच्या कार्यालयात नोकरी करता करता मला वहीची सवय लागली ती कायमची. पानाला तीन रकाने: काम, कारण, झालं की नाही. कारणाच्या रकान्याशिवाय माझं एकही पान नाही. आणि माझ्याच नात्यात असा एक गृहस्थ आहे की ज्याच्याइतके नियम पाळणारा आणि त्यांतल्या एकाचंही कारण न सांगणारा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात शोधून सापडणार नाही.

आतोबा म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्याचे यजमान. वय पंचाहत्तरच्या पुढे. नेमकं किती ते पेन्शनच्या कागदावर एक आहे आणि आत्याबाईंच्या बोटांवर दुसरं. फौजेत ते पूल बांधणाऱ्या तुकडीत होते, त्यामुळे सगळी नोकरी कुठल्या ना कुठल्या पाण्याच्या काठावर झाली. निवृत्त झाल्यावर लोक जमीन घेतात, ट्रॅक्टर घेतात, निदान म्हैस तरी घेतात. आतोबांनी पुण्यातल्या कुठल्याशा क्लबाने मोडीत काढलेली एक लांबट, हिरवी, दोन माणसांची होडी घेतली आणि उसाच्या रिकाम्या ट्रॉलीत घालून डोंगरातल्या आपल्या गावी आणली. गाव बघायला लोटलं. आत्याबाई मूळच्या रहिमतपूरच्या, बोलण्यात कुणाला हार जाणाऱ्या नव्हेत. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "आवं, येक म्हस आना म्हनलं तर ह्ये काय आनलंसा? ना दूध, ना शेन!" आतोबांनी शांतपणे उत्तर दिलं, "वैरन बी न्हाई."

तिला होडकं म्हटलेलं त्यांना खपत नाही. कॅनू. पोस्टमन एकदा सहज म्हणाला, "आबा, तुमचं होडकं लय झ्याक हाय बगा." आतोबा म्हणाले, "कॅनू हाय ती. आन् मी आबा न्हाई, सुभेदार हाय." गावाजवळच्या धरणाच्या पाण्यावर ती चालवायची परवानगी त्यांनी रीतसर काढली आहे, आणि ते पत्र प्लास्टिकमध्ये घालून बसायच्या फळीखाली बांधलं आहे. मासे तपासायला आले तर दाखवायला, असं गावातली मंडळी म्हणतात.

आता नियम. कॅनूला हात लावण्याआधी चपला काढायच्या आणि त्यांची तोंडं घराकडे करून ठेवायच्या. पुढे बसणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. आणि पाण्यावर बोलायचं नाही. एक अक्षर नाही. हा बोलण्याचा नियम तसा अलीकडचा, पण फौजेतली शिस्त म्हातारपणी उफाळून आली असेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. माझे यजमान एका दिवाळीला पुढे बसून गेले आणि मधोमध पोचल्यावर इथे मोबाईलला रेंज येत नाही असं त्यांनी आतोबांना सविस्तर समजावून सांगायला घेतलं. आतोबांनी कॅनू वळवली, समोरच्या काठाला लावली आणि एकच शब्द म्हणाले, "उतर." धरणाच्या कडेकडेने, झाडाझुडपांतून चालत यजमान घरी पोचले तेव्हा पोहे संपले होते आणि आम्ही दुसरा चहा घेत होतो. आत्याबाईंनी विचारलं, "मग? चालताना तरी रेंज आली का रं?"

त्यानंतर शर्टाचा नियम आला. पुढे बसणाऱ्याने अंगात पांढरं घालायचं. ज्याच्याकडे पांढरं नसेल त्याच्यासाठी आतोबांचा एक शर्ट खुंटीला लावूनच ठेवलेला असे. तो मला गुडघ्यापर्यंत येतो. पंजाबी ड्रेसवर तो चढवून मी पहिल्यांदा काठावर उभी राहिले तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "आई, तू शपथविधीला निघाल्यासारखी दिसतेस." मी आतोबांना कारण विचारलं. ते म्हणाले, "पांढरं चांगलं दिसतं." एवढंच.

आणि शेवटी रेडिओ. पाण्यात जाताना माणूस रेडिओ बरोबर नेईल, किंवा घरी ठेवील. आतोबा तो काठावरच्या उंबराला टांगत, आवाज मोठा करत, आणि त्याला तिथेच गात ठेवून निघून जात. तासभर तो रेडिओ रिकाम्या काठाला भक्तिगीतं, बाजारभाव आणि बातम्या ऐकवी. गावातली पोरंटोरं म्हणत, सुभेदार माशांस्नी बातम्या सांगत्यात. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ऐकू दे की त्या झाडाला बी." माझ्यासारख्या बाईला हे पाहवत नाही. रिकाम्या खोलीतला पंखा बंद केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

तर, कामं चार. पहिलं, आत्याबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या पोचवणे. दुसरं, घरचे तांदूळ नेणे. तिसरं, मागच्या दारची कडी बसवून घेणे. चौथं काम आतेदिरांनी सांगलीहून फोनवर सोपवलं होतं. आतेदीर म्हणजे आतोबांचा एकुलता एक मुलगा. कामसू, सरळ, वडिलांवर जीव असलेला माणूस, पण वडिलांसमोर उभा राहिला की त्याला शब्द सुचत नाहीत. "वहिनी, त्यांना म्हणावं आता बास झालं. या वयात एकटे पाण्यावर जातात, मला रात्री झोप लागत नाही. मी गिऱ्हाईक बघितलंय. सोमवारी टेम्पो येईल. तुमचं ऐकतील ते." गिऱ्हाईक कोण, असं मी विचारलं. हमरस्त्यावर नवीन हॉटेल होत होतं, त्याच्या मालकाला दारात ठेवायला होडी हवी होती. तिच्यात माती भरून तो शोभेची झाडं लावणार होता.

मी वहीत लिहिलं: आतोबांना सांगणे, कॅनू द्यायची. कारण: वय.

साताऱ्याहून तासाभराची वाट आहे. मी शनिवारी दुपारीच गेले. पहिली तीन कामं संध्याकाळपर्यंत उरकली. तेवढ्यात आत्याबाई गोठ्यात जायला निघाल्या तर त्यांच्या बॅटरीचा उजेड काजव्याएवढा. मी रेडिओ उघडून पाहिला. त्यात कोरे करकरीत सेल. म्हणजे झाडाला बातम्या ऐकवायला नवे सेल आणि अंधारात शेणातून चालणाऱ्या बाईला जुने! मी अदलाबदल केली. नवे सेल बॅटरीत, जुने रेडिओत. वहीत पाचवी ओळ घातली आणि लगेच खूणही केली. कारण: कामाची वस्तू आधी.

सकाळी शर्ट चढवला, चपला घराकडे तोंड करून ठेवल्या, पुढे बसले. उंबरावर भक्तिगीत लागलं होतं. आतोबा कॅनूत पाय टाकता टाकता थांबले. "आवाज बसलाय आज त्येचा."

"थंडीने असेल," मी म्हणाले.

त्यांनी वल्ह्याने काठाला रेटा दिला आणि आम्ही धुक्यात शिरलो.

त्या सकाळीबद्दल मला नीट लिहिता येणार नाही. ते माझं काम नाही. एवढं सांगते की वल्हं पाण्यात जाताना आवाज येत नव्हता, बाहेर येताना थेंब पडत, तेवढेच मोजता येत होते, आणि मी ते मोजायचं विसरले. दोन्ही बाजूंना डोंगर होते पण दिसत नव्हते. असल्याचं फक्त जाणवत होतं, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तसं. मागून रेडिओचं गाणं बारीक होत होत दोऱ्याएवढं उरलं. एक मासा उडाला. मी मनातल्या मनात चौथ्या कामाची वाक्यं जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्य त्या शांततेत धरून पाहिलं की भांडं पडल्यासारखं वाटत होतं.

पलीकडच्या टोकाला, ओढा पाण्याला मिळतो तिथे, आतोबा नेहमी थांबतात. वल्हं मांडीवर आडवं ठेवतात. तिथे बोललेलं चालतं, पण कुणी बोलत नाही. सांगायचं ते तिथेच सांगायचं असं मी ठरवून आले होते. मी घसा साफ केला.

"ऐकू येतंय का, सूनबाई?" ते मागून म्हणाले.

"काय?"

"काई न्हाई. त्येच ऐकायचं."

चौथं काम तसंच राहिलं. ऊन डोंगरावरून उतरलं, धुकं विरलं, पाणी काचेसारखं लख्ख झालं. आतोबांनी कॅनू वळवली. चार-पाच वल्ही मारली आणि थांबले. परत दोन मारली, परत थांबले. कॅनू आपल्याआपण हळूहळू फिरत राहिली. ते काहीतरी कान देऊन ऐकताहेत हे मला मागे न वळताही कळलं.

"सूनबाई, रेडिओ वाजतोय?"

मी ऐकलं. "नाही. बंद पडला वाटतं. जुने सेल होते, आतोबा. नवे मी काल आत्याबाईंच्या बॅटरीत घातले."

 वळून बघायचं नाही हा नियम, म्हणून मी समोर बघत बसले. समोरच्या काठावर, उजव्या हाताला, घर होतं. घराचं लाल कौल, उंबर, चुलीचा धूर, आत्याबाईंचं हिरवं लुगडंसुद्धा स्पष्ट दिसत होतं. ऊन इतकं चांगलं पडलं होतं की दोरीवरचे कपडे मोजता आले असते.

मग आतोबांनी विचारलं, आज वार कोणता हे विचारावं इतक्या साध्या आवाजात विचारलं, "घर कुनीकडं हाय?"

मला कळायला जरा वेळ लागला. आणि कळलं तेव्हा सगळं एकदमच कळलं. शर्ट कळला. बोलणं का नको ते कळलं. पेपर समोर आला की "काय नसतं त्यात" म्हणून तो बाजूला सारणं, आत्याबाईंनी चहाचा कप त्यांच्या हातात नेऊन बोटं त्याभोवती मिटवणं, हे सगळं मी कैक वेळा पाहिलं होतं आणि कुठेच टिपून ठेवलं नव्हतं.

"आतोबा, तुम्हाला दिसत नाही?"

"तुजा शर्ट दिसतो," ते म्हणाले. "वाईच."

पाणी स्थिर होतं. मी वल्हं धरलं होतं, पण दिशा देणारं वल्हं मागच्याचं असतं. पुढच्याने कितीही मारलं तरी तोंड कुठे करायचं ते मागचा ठरवतो. माझ्याकडे डोळे होते आणि त्यांच्याकडे हात.

"बोल," आतोबा म्हणाले. "आज बोल. घड्याळावानी सांग. तुज्या नाकासमोर बारा. घर किती वाजता?"

"दोन," मी म्हणाले. "दोनच्या थोडं पुढे."

कॅनूचं तोंड उजवीकडे आलं. "आता?"

"बारा. सरळ. डाव्या हाताला, दहा वाजता, झाडाचं खोड वर आलंय पाण्यातून."

"आसन्याचा बुंदा त्यो. जुना हाय. पुढं?"

अशी मी त्यांना वेळ सांगत राहिले. एक, बारा, साडेअकरा, बारा. इतकी वर्षं यादीच्या नादाने घरातल्या माणसांना वैताग दिला, पण त्या पाऊण तासात माझ्या काटेकोरपणाचा कुणाला तरी खराखुरा उपयोग झाला. काठ जवळ आला तसे ते जरा सैल झाले.

"यादीत लिवनार व्हय ह्ये?"

"यादीत तुमच्या नावावर एक काम आधीच आहे."

"ठावं हाय. पोरानं गिऱ्हाईक आनलंय." दोन वल्ही झाली. "काय करनार म्हनं तिचं?"

"हॉटेलच्या दारात ठेवणार. आत झाडं लावणार."

"कसली?"

"शोभेची."

आतोबांनी वल्ह्यावरचं पाणी निथळू दिलं. मग म्हणाले, "फळाची तरी लावा म्हनावं." आणि त्यानंतर, माझ्याशी नव्हे, पाण्याशी बोलल्यासारखं, "जमिनीवर मी आंधळा हाय, सूनबाई. खुर्ची आडवी येती, उंबरा आडवा येतो, नातवंडांची खेळनी आडवी येत्यात. हितं मधी काय बी न्हाई."

कॅनू चिखलाला लागली. आत्याबाई पदर खोचून पाण्यातच उभ्या होत्या, घोट्यापर्यंत. रेडिओ त्यांनी काखेत धरला होता आणि दुसऱ्या हातात पितळी ताट आणि पळी होती. त्यांचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता.

"कुनी बदलले सेल?" त्या म्हणाल्या.

मी सांगितलं.

"आगं बाई, दर म्हैन्याला मी कोरे सेल घालते त्यात. मला का हौस हाय? मी अंधारात धडपडंन. माजं काय, मला गोठा पाठ हाय." त्यांनी ताट खाली ठेवलं. "मगाधरनं बडवतीया. हात गेलं माजं. ऐकू गेलं न्हाई व्हय?"

"वारा उलटा व्हता," आतोबा म्हणाले. वारा मुळीच नव्हता. लांबवर ताटाचा आवाज पोचला नव्हता, आणि जवळ आल्यावर वेळ सांगण्याच्या नादात तिकडे आमचं लक्षच नव्हतं, एवढंच. आत्याबाईंनी त्यांना दंडाला धरून बाहेर घेतलं आणि ओरडल्या, "म्हस आना म्हनलं व्हतं तवा ऐकलं आसतं तर!"

चहा झाल्यावर, आतोबा कॅनू पालथी घालायला गेले तेव्हा, आत्याबाई माझ्याजवळ बसल्या. "पोराला सांगितलंस तर उद्याच्या उद्या उचलून न्हेईल. सांगलीत तिसऱ्या मजल्यावर ऱ्हातो त्यो. थितं ह्येंनी काय करायचं? खाटंवर बसून रेडिओ ऐकायचा?" मग थोडं थांबून, "आन् न्हाई सांगितलंस आन् पान्यात काय झालं, तर तुला काय म्हनंल त्यो? मला काय बी सुदरत न्हाई बग."

मलाही सुधरत नव्हतं. हे मी आजही तसंच लिहिते. मी आतोबांपुढे जाऊन उभी राहिले आणि माझे नियम सांगितले. एकटं पाण्यावर जायचं नाही. रविवारी मी येईन तेव्हाच जायचं. अंगात तरंगणारं जाकीट घालायचं. साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यायचं. आणि मागे मी बसणार, पुढे ते.

"कारण?" त्यांनी विचारलं. आयुष्यात प्रथमच त्यांनी हा शब्द वापरला असावा.

"कारण सांगणार नाही," मी म्हणाले.

ते हसले. एक-दोन दात दिसले. "फौजेत पायजे व्हतीस तू."

आतेदिरांना मी घरूनच फोन लावला. टेम्पो पाठवू नका म्हटलं. कॅनू द्यायची नाही, आणि आतोबा एकटे पाण्यावर जाणार नाहीत, ही जबाबदारी माझी. ते म्हणाले, "पण वहिनी, असं झालं तरी काय? तुम्हीच म्हणत होता ना की..." मी म्हणाले, भेटल्यावर सांगते.  ते म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणताय म्हणजे काहीतरी कारण असेल." त्या विश्वासाने मला जेवण गेलं नाही.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येत नाही, राहिलेली थेंबांवर सांभाळायची. थेंबांच्या वेळा मी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावल्या. त्या आत्याबाईंसाठी. घरी येऊन मी जुन्या वह्या काढल्या. दर दिवाळीच्या पानावर, नुसत्या गंमत म्हणून, मी आतोबांचे नवे नियम टिपलेले होते. एका दिवाळीला बोलायचं नाही. पुढच्या दिवाळीला पांढरा शर्ट. त्याच्या पुढच्या दिवाळीला रेडिओ. एकेक करून माणसाचा उजेड कसा जात होता ते माझ्याच अक्षरात क्रमवार लिहिलेलं होतं, आणि शेजारी मी लिहिलं होतं: कारण, विक्षिप्तपणा.

आता रविवारी मागे मी बसते. पहिले दोन रविवार मी आम्हाला बाभळीत घातलं. आतोबा काटे काढताना म्हणाले, "पूल उडवायच्या तुकडीत घातली आसती तुला." नारिंगी जाकिटात ते पुढे ताठ बसतात, चपला घराकडे तोंड करून ठेवलेल्या असतात, आणि रेडिओ उंबरावर वाजत असतो. आता त्याची गरज नाही, पण सेल मी कोरे घालते. पलीकडच्या टोकाला वल्ही मांडीवर घेतली की ते म्हणतात, "घ्या हजेरी."

मग मी सांगते. खोडावर दोन पाणकावळे, पंख वाळवताहेत. एक खंड्या. उतारावर सात म्हशी आणि त्यांच्यामागे डोक्याला टॉवेल बांधलेला एक माणूस. धुकं अर्ध्या डोंगरापर्यंत. ते प्रत्येक नावाला मान हलवतात, शाळेत हजेरी लागल्यासारखी.

"आन् काठावर?"

"आत्याबाई. निळं लुगडं. चूल पेटलीय."

"पोरगं?"

"गैरहजर."

"बरं," ते म्हणतात, आणि आम्ही परत फिरतो.

आतेदीर संक्रांतीला येणार आहेत. "या खेपेला बाबांबरोबर पाण्यावर जाऊन येतो, लहानपणी पोहायला शिकवायचे तसे ते मागे, मी पुढे," असं त्यांनी फोनवर मोठ्या हौसेने सांगितलं. माझ्या वहीत तेव्हापासून एकच ओळ दर रविवारी नव्या पानावर उतरते. काम: आतेदिरांना सांगणे. कारण: त्यांचे वडील आहेत. तिसरा रकाना आज सकाळीही कोराच ठेवून मी वही मिटली आणि वल्हं उचललं.